रकाना चौदावा

जूनमध्ये बिकिन नदीच्या वरच्या अंगाला गेलो.
दोन बोटी, बर्फाची एक पेटी,
एकशे बारा रिकाम्या नळ्या.
पाणी चढलेलं. नावाडी सोडून कुणी बोलत नव्हतं,
आणि तोही फक्त इंजिनाशी.

शाळेच्या वर्गात टेबल मांडलं.
भिंतीवर साताचा पाढा, खोलीभर स्पिरिटचा वास.
उदेगे शिकारी एकेक करून आत आले.
अस्वलापुढून न हटलेली ही माणसं
सुई टोचताना खिडकीबाहेर बघत होती.

गोचीड चावला होता का?
व्लास सुआन्का हसला,
"मोजत बसलो तर शिकार कोण करणार?"
त्याच्या भावाची मान दहा वर्षं सरळ होत नाही,
एका हाताने तो जाळं विणतो,
गाठ दातांनी आवळतो.
त्याचंही रक्त घेतलं. चांगल्या हातातून.

एकेचाळीस नंबरची नळी कापितोलिना गेओन्काची.
वय एकाहत्तर, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत.
"नवरा नदीत गेल्यापासून
मी जंगलात पाऊल टाकलेलं नाही,"
असं ती म्हणाली, आणि मागे उभ्या दोन्ही मुलांनी
तिच्याआधीच मान हलवली.

प्रयोगशाळेत रक्त गप्प बसत नाही.
जुनं प्रतिपिंड म्हणजे म्हातारा शेजारी,
कधीतरी काहीतरी झालं होतं, एवढंच सांगणारा.
नवं प्रतिपिंड म्हणजे उंबऱ्यावरचा जोडा,
चिखल अजून ओला.

एकेचाळीसमध्ये चिखल ओला होता.

ऑगस्टमध्ये निकाल घेऊन परत गेले.
मे महिन्यात ताप आला होता का, आजी?
आला असेल. चार दिवस.
चुलीजवळ झोपले, उठले.
मग गोचीड कुठे चावला?

खोलीत मुलं होती, सुना होत्या,
एक नातू चाकूने काठी तासत होता, तो थांबला.
तेव्हा मला आठवलं,
बोटीत नावाडी काय म्हणाला होता ते:
म्हाताऱ्या गेओन्काला जिनसेंगची एक जागा ठाऊक होती,
माणसाच्या बोटांएवढी मुळं,
मुलांनी सात उन्हाळे डोंगर पालथा घातला,
बाप मरताना एक शब्द बोलला नाही.
बोलला नाही म्हणे.

आणि ही, दोन्ही डोळ्यांत धुकं घेऊन,
मेमध्ये, सगळे मासेमारीला गेलेले असताना,
पायाखालची वाट चाचपत,
कोवळ्या फुटव्यांभोवतीचं गवत उपटायला.
मी तिला पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही.
फक्त तिच्या रक्ताने पाहिलं,
आणि माझ्या हातातल्या कागदाने.

"दूध," ती म्हणाली.
"बकरीचं दूध, न उकळता प्याले."
दुधातून होतो हा ताप, हे खरं आहे.
आम्हीच जूनमध्ये चित्रं दाखवून सांगितलं होतं,
पुढच्या बाकावर ती बसली होती.

मी खिडकीतून अंगणात बघितलं.
खुंटीला एकच जनावर बांधलेलं,
दाढीवाला, वळणदार शिंगांचा,
कुंपणाची फळी चावत उभा.
बोकड.

मोठ्या मुलानेही तिकडे बघितलं.
मग माझ्याकडे.
पेनची शाई थंडीत अडकते, ऑगस्टमध्ये अडकत नाही.
मी जरा झटकलंच तरीही.

निघताना म्हातारीने
माझा दंड धरला, जिथे मी तिचा धरला होता
शीर शोधताना, तिथेच.
"पुढच्या वर्षी येणार?"
"येऊ."
"मेच्या आधी या," ती म्हणाली,
"ती लस घेऊन."

त्या वर्षीचा तक्ता छापून आला.
खोरं, गाव, वय, टक्के.
रकाना चौदावा, संसर्गाचा मार्ग:
जंगल, अडतीस.
दूध, एक.